टॅब की स्पेस, हा निवाडा टूलला करू द्या

प्रश्न : मॅडम, सात रस्त्याजवळच्या छोट्या ऑफिसात आम्ही पाच जण टॉवेल कारखान्यांसाठी स्टॉक आणि मजुरीचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहितो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रिव्ह्यूचा, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याचा वेळ सिंगल कोट की डबल कोट, ओळ कुठे तोडायची, यातच जातो. फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) आणि लिंटर (संशयास्पद जागा दाखवणारं टूल) बसवू या म्हटलं, तर सीनियर म्हणतात, "कोड चालतोय ना? मग कशाला हात लावायचा? शिवाय कुठली ओळ कुणी लिहिली, तेही कळेनासं होईल." त्यांना काय सांगू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या सरांची दुसरी शंका रास्त आहे, म्हणून आधी तीच घेते. सगळ्यांचं चालू काम मुख्य कोडमध्ये मर्ज झालं की पूर्ण कोड एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, फॉरमॅट करा. त्यात दुसरा एकही बदल नको. त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलीत नोंदवा आणि त्या फाइलीतल्या कमिट वगळायला 'गिट ब्लेम'ला सांगा. कोडचे बदल जपणाऱ्या गिटची ही कमांड कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवते. २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून गिटमध्ये ही सोय आहे, मूळ लिहिणाऱ्याचं नाव दिसत राहतं.

आता "चालतोय ना". फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीचं अपडेट काढावं लागलं. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' (पुढचं सोडून थेट 'फेल' या खुणेवर उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली होती. महिरपी कंस नव्हते. दुसरी ओळ 'इफ'च्या आत असल्यासारखी दिसायची, पण अट न बघताच चालायची. त्यामुळे सर्व्हरच्या सहीची तपासणीच टळत होती. कोड मात्र चालत होता! कधीच न पोचणारा कोड दाखवणारी कंपायलरची सूचना चालू असती, तर ते तिथेच सापडलं असतं.

तुमच्यासाठी रफ (Ruff) हे पायथनचं टूल पुरेसं आहे. फॉरमॅटिंग आणि तपासणी दोन्ही करतं. ओळीची लांबी पेप ८ या पायथनच्या शैली-नियमावलीप्रमाणे ७९ अक्षरं ठेवा किंवा रफची ८८, मला दोन्ही चालतात. एकदा ठरवा आणि कॉन्फिग फाइल रेपोतच, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यातच ठेवा. नियम सुरुवातीला रफचे मूळचेच असू द्यात. शेकडो नियम एकदम लावले की लोक इशारे वाचणं सोडून देतात. प्री-कमिट हुक (कमिट होण्याआधी आपोआप चालणारी तपासणी) लावाच, पण तो कमांडला एक फ्लॅग जोडून टाळता येतो, म्हणून हीच तपासणी सर्व्हरवरही हवी.

एका इशाऱ्याकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा : मोकळं 'एक्सेप्ट', म्हणजे कुठली एरर ते न सांगता सगळ्याच एरर पकडणारी ओळ. माझे मामा मागावर होते. आठवड्याच्या मजुरीत फरक पडला की घरात काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. हिशेबातली एरर अशा 'एक्सेप्ट'ने गिळली, तर कामगाराच्या नावापुढे शून्य येतं आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. रफ हे पकडतं. पण घाईत कुणी 'एक्सेप्ट एक्सेप्शन' आणि खाली 'पास' (काहीच करू नको) लिहून रफला गप्प करेल, कारण मूळ नियमांत ते बसतं. ते रिव्ह्यूत अजिबात सोडू नका.

आणि 'वजन' नावाच्या व्हेरिएबलमध्ये किलो आहेत की ग्रॅम, हे कुठलंही टूल सांगणार नाही. तिथे 'वजन_किलो' लिहायला लावा. मजुरी नगावर की वजनावर, नापास टॉवेल कुठल्या फंक्शनमध्ये वजा होतात, यावर खुशाल तासभर वाद घाला. सरांनाही त्यात बसवा. कारखान्याचे व्यवहार त्यांनाच जास्त ठाऊक असतील.