बिझनेस रेफरल मीटिंगमध्ये 40 सेकंदांत स्वतःची ओळख कशी करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणला तुमचं मोटार वायंडिंग (म्हणजे पंपाच्या जळलेल्या मोटारीत नवी तार भरायचं) आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. रेफरल ग्रुपात, म्हणजे एकमेकांकडे गिऱ्हाईक धाडणाऱ्या धंदेवाल्यांच्या गटात, येऊन तीन महिने झाले, दर आठवड्याला 40 सेकंद बोलायला मिळतात, आणि बेल वाजते तेव्हा तुम्ही अजून दुकानाचा पत्ताच सांगत असता. काम एकही आलेलं नाही. ग्रुप बीएनआय, सॅटर्डे क्लब अशा मोठ्या संस्थेचा की गावातल्यांनी मिळून काढलेला, ते सांगितलं नाहीत, पण त्यानं फारसा फरक पडत नाही.

मी कुडाळला वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. गळक्या स्लॅबवर पोट आहे म्हणा. सहा वर्षं अशाच एका ग्रुपात आहे आणि पहिले पाच महिने माझी गत तुमच्यासारखीच होती. फक्त पत्त्याऐवजी मी कामांची यादी वाचायचो. "टेरेस, बाथरूम, पाण्याची टाकी, बेसमेंट, सर्व प्रकारची कामं खात्रीशीर करून मिळतील." कुडाळात बेसमेंट किती ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील, पण माझ्या पत्रकावर छापलेलं होतं म्हणून बोलायचो. लोक टाळ्या वाजवायचे. त्या सगळ्यांसाठीच वाजतात.

एकदा चहाच्या वेळी ग्रुपातले एक वयस्क हार्डवेअरवाले जवळ आले नि म्हणाले, "तू काय करतंस तां माका कळला. पण तुझ्याकडे धाडू कोणाक?"

मी म्हटलं, "कोणालाही पाठवा काका."

"कोणाकय म्हणजे कोणाकच नाय," असं म्हणून ते वडा घ्यायला गेले.

त्या रात्री विचार केला तेव्हा लक्षात आलं की चूक जुन्या सवयीची आहे. आपल्या कोकणात ओळख म्हणजे काय? ह्यो खंयचो, कोणाचो. वाडी कुठली, आजोळ कुठलं, बापाचं नाव काय, मुंबईला कोण असतं. एवढं कळलं की माणूस जागेवर बसतो. तुमचा पत्ता संपत नाही तो त्यामुळेच. बाजारपेठ, अमक्या बँकेच्या मागे, तमक्यांच्या चाळीत, पूर्वी तिथे पिठाची गिरण होती. पण समोर बसलेल्या तीस जणांना तुमचं घराणं नको असतं, त्यांना पुढच्या सात दिवसांत कोणाकडे बघायचं ते हवं असतं. त्यांच्यातला कोणी स्वतः मोटार भरून घेणार असेलच असं नाही. गिऱ्हाईक त्यांच्या पलीकडे आहे. ते फक्त तुमचे डोळे आणि कान.

म्हणून मी कामांची यादी सोडली आणि खुणा सांगायला लागलो. पहिली खूण एका फर्निचरवाल्यासाठी होती. "भिंतीला लावलेल्या कपाटाची मागची प्लाय फुगलेली दिसली, तर ते कपाट बदलण्याआधी मला सांगा." गळती आधी घरमालकाला दिसत नाही हो, सुताराला आणि रंगाऱ्याला दिसते. मालक नवं कपाट करायला निघालेला असतो, पाणी भिंतीतून येतंय हे त्याच्या गावीही नसतं. दोन आठवड्यांत त्या फर्निचरवाल्याचा फोन आला, गिऱ्हाईकाच्या घरातूनच. त्या एका घरातून पुढे तीन कामं निघाली.

आता तुमच्या धंद्याकडे या. तुमचं गिऱ्हाईक "माझं वायंडिंग जळलं" असं कधी म्हणतं का? ते म्हणतं, "मोटार घुं घुं करते, पाणी चढत नाही." किंवा "बटण दाबलं की स्टार्टर पडतो." हीच वाक्यं जशीच्या तशी ग्रुपात बोला. ऐकणाऱ्याला मोटारीतलं काही कळायची गरज नाही. शेजारी तसं बोलताना कानावर पडलं की तुमचं नाव आठवलं, एवढंच पाहिजे.

नमुन्यादाखल एक लिहून देतो. गोष्ट मी रचली आहे, तुम्ही तुमच्या वहीतली खरी घाला:

"नमस्कार, मी अमुक, चिपळूणला मोटारी भरतो. गेल्या आठवड्यात एका होमस्टेवाल्यांचा फोन आला, मोटार घुं घुं करते, पाणी चढत नाही. ते नवा पंप घ्यायला निघाले होते. जाऊन बघितलं तर कपॅसिटर गेलेला. तो बदलला, अर्ध्या तासात टाकीत पाणी. या आठवड्यात मला गुहागर-दापोली पट्ट्यातले होमस्टेवाले हवेत. कोणी म्हणालं की मोटार आवाज करते पण पाणी येत नाही, तर त्यांच्यासमोरच मला फोन लावा. मी अमुक, मोटारवाला."

हे साधारण साठ शब्द आहेत. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं होतं, 40 सेकंदांत माझे सत्तर-पंचाहत्तर शब्दच बसतात. तुम्ही दीडशे घेऊन उभे राहत असाल तर बेलवाल्याचा काय दोष? "समोरच फोन लावा" हे मात्र गाळू नका. नुसता नंबर दिला की तो कागद खिशातच धुतला जातो.

"उत्तम सेवा, वाजवी दर, समाधानाची हमी" हे सगळं काढून टाका. आयव्हन मिस्नर यांनी 1985 मध्ये अमेरिकेत बीएनआय सुरू केलं, तिथे एका ग्रुपात एका धंद्याचा एकच माणूस घेतात, आणि बहुतेक ग्रुप आता तसेच चालतात. म्हणजे त्या खोलीत दुसरा मोटारवाला नाहीच. मग मीच चांगला हे कोणाला पटवून देताय? यमकं जुळवणारेही पुष्कळ असतात. आमच्याकडे एकाचं यमक अख्ख्या ग्रुपाला पाठ आहे, तो इन्शुरन्सवाला की टॅक्सवाला यावर मात्र अजून वाद होतात.

दर आठवड्याला तेच बोलू नका, एका वेळी एकच खूण द्या. ती कुठून आणायची? आपल्या कोकणात फार डोकं खाजवावं लागत नाही, कॅलेंडर बघायचं. फेब्रुवारी-मार्चला कलमांना पाणी देणारे बागायतदार. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, पंप कोरडा फिरतो आणि जळतो. तेव्हा टँकरवाल्यांना सांगा, कोणाची विहीर आटली हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. पावसाळ्यात वीज ये-जा करते, तेव्हा पॅनलची कामं. मी स्वतः मे महिन्यात शेडवाल्यांशी आणि रंगाऱ्यांशी बोलतो, कारण मृगाचा पहिला पाऊस पडला की माझा फोन थांबत नाही आणि तेव्हा ओल्या स्लॅबवर धड काम होतही नाही.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिखलातून काढलेल्या मोटारींची तुमच्या दाराशी रांग लागली असेल. तशी एखादी मोटार तुम्ही वाळवून, पुन्हा भरून चालू केली असेल तर ती गोष्ट जरूर सांगा, चिपळूणकर विसरणार नाही. पण वर्षातून एकदाच. पुराचं भांडवल केलेलं आपल्या लोकांना आवडत नाही, आणि बरोबरच आहे ते.

मीटिंगच्या बाहेर एकेकाच्या दुकानात जाऊन अर्धा तास बसणं हे या 40 सेकंदांहून जास्त कामाचं. त्यांना काय दिसतं, कोण भेटतं, ते विचारा. पुढच्या आठवड्याची खूण तिथेच सापडते. प्लंबर असेल तर आधी त्याच्याकडे जा.

आणि चतुर्थीच्या पाच आठवडे आधीची मीटिंग सोडू नका. चाकरमान्यांची रेल्वेची तिकिटं तोवर कधीच काढून झालेली असतात. मे महिन्यापासून बंद असलेल्या घरांतल्या मोटारी जाम होऊन बसलेल्या असतात, आणि हे कळतं आदल्या रात्री, घरात पंधरा माणसं उतरल्यावर. तुमच्या ग्रुपात घरांच्या साफसफाईची किंवा रंगाची कामं घेणारं कोणी असेल, तर मुंबईकरांच्या घराच्या चाव्या तेव्हा त्यांच्याकडेच असतात. त्या वेळचे 40 सेकंद त्यांच्याकडे बघूनच बोला.