जाळ्यात कासव मेले, होडी जप्त झाली. दंड भरून सुटका होईल का?

प्रश्न: फायबरची होडी माझ्या नावावर आहे, भाऊ तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणून जातो. गेल्या आठवड्यात मालवणसमोर गिलनेट ओढताना ऑलिव्ह रिडले कासव जाळ्यात निपचित सापडले. भावाने जाळे कापून ते होडीत घेतले आणि मच्छीमार सोसायटीच्या सचिवांना फोन केला. सचिवांनी वनरक्षकाला कळवले. किनाऱ्याला लागेपर्यंत कासव मेले होते. होडी, इंजिन, जाळे जप्त झाले, भावाचा जबाब घेतला गेला. गावातले एक गृहस्थ सांगतात, 'गुन्हा कबूल करून दंड भरा, होडी लगेच सुटेल.' तसे करावे का? कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळेल का?
– एक होडीमालक, मालवण तालुका

उत्तर: तसे मुळीच करू नका. सगळी समुद्री कासवे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या अनुसूची १मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार झाली, तर कलम ५१प्रमाणे किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड होतो. ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरलेली आहे, तो कलम ५४खाली पैसे भरून मिटवता येत नाही. कबुली लिहून दिल्यावर हातात उरेल ती शिक्षाच. आणि मिटवून देतो म्हणणाऱ्याला दिलेले पैसे सरकारजमा होत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात मारण्याबरोबर पकडणे आणि सापळ्यात अडकवणेही येते, त्यामुळे जाळ्यात मेलेल्या कासवावरून गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. कासव धरण्याचा इरादा नव्हता, हा तुमचा खरा बचाव आहे, पण तो आपोआप मान्य होत नाही, पुराव्याने उभा करावा लागतो. मासेमारीचा परवाना, जाळ्याचा प्रकार आणि आसाचे (जाळ्याच्या छिद्राचे) माप, त्या दिवशीच्या मासळीच्या विक्रीची पावती हे सगळे जमा करा. शवविच्छेदन अहवालाची प्रत लेखी अर्जाने मागा. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिले की गुदमरून मरते. अंगावर हत्याराची जखम नाही आणि वल्ह्यासारख्या पायांवर जाळ्याच्या दोरीचे वळ आहेत, एवढे अहवालात आले तरी भावाच्या सांगण्याला मोठा आधार मिळतो.

भावाने कासव होडीत घेतले, यावर बोट ठेवले जाईल. कलम ५७प्रमाणे असा प्राणी कोणाच्या ताब्यात सापडला, तर तो ताबा बेकायदा असल्याचे गृहीत धरतात आणि तसे नाही हे आरोपीने सिद्ध करायचे असते. पण कलम ३९ असेही सांगते की असा प्राणी कोणत्याही मार्गाने ताब्यात आला, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे. तुमच्या भावाने समुद्रातूनच फोन केला. हा फोन तुमच्या बाजूचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. कॉलची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ यांतले काहीही पुसू नका, मूळ फोन विकू किंवा बदलू नका. न्यायालयात हे दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. सचिवांचे प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या, सहा महिन्यांनी त्यांना वेळ नीट आठवणार नाही.

शिवाय निपचित कासव पाण्यात परत न टाकणे हेच बरोबर होते. गुदमरलेले कासव बेशुद्ध असू शकते, आणि तसेच सोडले तर बुडते. पोट खाली ठेवून मागची बाजू किमान १५ सेंटीमीटर उचलून धरायची, म्हणजे फुप्फुसातले पाणी निघते. अंग सावलीत आणि ओले ठेवायचे. अधूनमधून डोळ्याजवळ किंवा शेपटीला हलका स्पर्श करून हालचाल पाहायची. शुद्धीवर यायला ४ ते २४ तासही लागू शकतात. भावाने यातले जे केले असेल तेवढेच निवेदनात लिहा, न केलेले घालू नका.

जागेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ला जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा. कासव अभयारण्याच्या बाहेर सापडले असले, तरी अनुसूची १चा गुन्हा तसाच राहतो. पण आत सापडले असेल तर अभयारण्याची वेगळी कलमे वाढू शकतात. म्हणून जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश आत्ताच पक्के करा. यंत्र जप्त होडीवरच असेल, तर त्यातली नोंद पंचनाम्यात घ्यावी असा अर्ज द्या. नवी नोंद चढली की जुनी जाऊ शकते. अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याचे उपाय करावेत, अशी अट कलम २६-अमध्येच आहे. तुमच्या वकिलांनी ती मांडावी, मात्र एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नये.

जबाब कोणी नोंदवला, हे तपासा. सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने भावाच्या समक्ष नोंदवलेला पुरावा कलम ५०खाली खटल्यात ग्राह्य धरला जातो. वनपाल किंवा वनक्षेत्रपालाने घेतलेल्या जबाबाला हे बळ नसते, तरी तो अगदीच निरुपयोगी समजू नका. न सांगितलेली वाक्ये त्यात असतील, तर नेमकी तीच नमूद करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तातडीने लेखी हरकत द्या. खरा भाग नाकारला तर बाकीच्यावरचा विश्वासही जातो.

होडीविषयी. जप्त नौका सरकारची मालमत्ता होते, असे कलम ३९ वाचून सांगितले जाते. पण मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मधुकर राव या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नुसत्या जप्तीने वाहन सरकारचे होत नाही आणि न्यायदंडाधिकारी ते खटला चालू असताना सोडू शकतात. तेव्हा मालक म्हणून तुम्ही स्वतः, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३खाली, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन तात्पुरती, होडी मिळण्याचा अर्ज करा. सोबत नौकेची नोंदणी, परवाना, विमा, इंजिनाची पावती. होडी विकणार नाही, रूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करू, अशी हमी द्या. वाळूत पडलेले इंजिन खाऱ्या हवेने किती लवकर गंजते, हे फोटोसह लिहा. जाळे मात्र मुद्देमाल म्हणून बहुधा अडकून राहील.

गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणून भावाने अटकेची वाट न पाहता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागावा. वन्यजीव कायद्याच्या कलम ५१-अची जामिनाची कडक अट त्याच कायद्याखाली आधी शिक्षा झालेल्यांनाच लागू आहे. वनविभागाची तक्रार न्यायालयात दाखल होण्यापूर्वीच वरचे सगळे पुरावे जोडून उपवनसंरक्षकांना निवेदन द्या आणि पोच घ्या.

भरपाईचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. डिसेंबर २०१८पासूनची राज्याची योजना संरक्षित प्राणी जाळे कापून जिवंत सोडणाऱ्यांसाठी आहे. भरपाई कमाल २५ हजार रुपये. या वेळी कासव मेले, त्यामुळे दावा टाकू नका. चुकीचा दावा खटल्यात तुमच्याच अंगावर येईल. पुढे कधी असे झाले तर अडकलेला प्राणी, जाळे कापताना, प्राणी पाण्यात सोडताना आणि फाटलेले जाळे, असे फोटो किंवा सलग व्हिडिओ घ्या, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, आणि नौकेची नोंदणी व जाळ्याच्या खरेदीची पावती घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज द्या.