ऑलिव्हची बाटली आणि बांधावरची घोळ

"मॅडम, मी तिला मेडिटरेनियन डाएट द्यायला बघतेय, पण ती तोंडातच घेत नाही. माझ्यामुळे तिची वाढ खुंटेल का हो?"

लातूरला एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी आहार-समुपदेशनाला बसते. पावसाळ्याचे दिवस होते. हे विचारणारी आई औसा तालुक्यातली, शिकलेली. नवरा पुण्यात नोकरीला, ही सासू-सासऱ्यांसोबत गावी. मांडीवर दोन वर्षांची लेक आणि शेजारी सासूबाई, गळ्यात तुळशीची माळ. बसल्या बसल्या तिने पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. ऑलिव्ह तेलाची हिरवी बाटली, क्विनोआ या परदेशी धान्याचं पाकीट, अक्रोड, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली ब्रोकोली. ब्रोकोली पुण्याहून ट्रॅव्हल्सने आली होती. मोबाईलवर वाचलं होतं की मेडिटरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतला आहार, हाच जगातला सगळ्यात चांगला, लहान मुलांनाही हाच द्यावा. तेव्हापासून दोन महिने ती हे करत होती आणि रोज रडत होती.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लेकराच्या पोटात काहीच जाईना बघा." तोवर लेकराने आजीच्या पिशवीत हात घालून बिस्किटाचा पुडा शोधून काढला होता.

आधी वाढीचं बघितलं. वजन १०.२ किलो, उंची ८४ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन ११.५ किलो येतं आणि ९ किलोच्या खाली गेलं की ते कमी वजन. म्हणजे पोरगी अंगाने बारीक, पण तक्त्याच्या आत. अंगणवाडीच्या कार्डावरची रेघही हळूहळू वरच जात होती. मी ते कार्ड आईपुढे धरलं आणि रेघेवरून तिचंच बोट फिरवायला लावलं. "वाढ खुंटलेली नाही," हे नुसतं सांगून आईला पटत नाही, तिला ते दिसावं लागतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. वर्षाचं होईपर्यंत वाटीभर खाणारं लेकरू दीड वर्षाचं झालं की खाईनासं झालं, असं घरोघरी वाटतं ते यामुळेच.

काळजीचं होतं ते दुसऱ्याच कागदावर. हिमोग्लोबिन ९.६. या वयाला ११ तरी हवं. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या ६९ मुलांमध्ये रक्त कमी सापडलं होतं, म्हणून हा आकडा बघून मला आश्चर्य वाटलं नाही. वाईट मात्र दर वेळी वाटतंच. डॉक्टरांनी लोहाचं औषध लिहून दिलं. माझं काम पुढचं होतं, रक्त कमी का पडलं ते शोधायचं.

मी तीन दिवसांची नोंद मागितली. काय दिलं, किती दिलं, कुणी दिलं आणि त्या वेळी काय चाललं होतं, सगळं. आईने चौरेघी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून आणलं. एक दिवस असा होता: सकाळी सहाला दुधाची बाटली. नऊला आजीकडे चहात बुडवून दोन बिस्किटं. दहाला बाटली. एकला क्विनोआ आणि उकडलेली ब्रोकोली, मोबाईल लावून, चाळीस मिनिटं. "चार घास, मग ओकली." तीनला "काहीच खाल्लं नाही म्हणून" बाटली. संध्याकाळी बिस्किट. रात्री वरण-भात दोन घास, आणि झोपताना बाटली.

दोघींपुढे मी बाटल्या मोजल्या. चार. प्रत्येकी २०० मिली, म्हणजे ८०० मिली म्हशीचं दूध, थोडं पाणी घातलेलं. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त बाटलीतूनच जात होत्या. काहीच न खाणारं लेकरू दिवसभर पोट भरूनच होतं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर दुसऱ्या अन्नातलं लोह अंगी लागायलाही ते आड येतं. चहाचंही तेच.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे चुकलं माझंच." मी तिला थांबवलं. तीन-तीन माणसं एका लेकराच्या पोटासाठी जिवाचं रान करत होती, यात चूक कुणाची धरायची? भीतीपोटी दिलेली बाटली ही मायेचीच असते. तिला भीतीतून बाहेर काढल्याशिवाय बाटली सुटणार नव्हती.

मग आम्ही त्या हिरव्या बाटलीकडे वळलो. मेडिटरेनियन आहाराचं कौतुक सुरू झालं ते अँसल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञामुळे. १९५८ पासून त्यांनी सात देशांत अभ्यास केला. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या शेतकऱ्यांना हृदयविकार फारच कमी, असं त्यात दिसलं. ही कष्टाची, गरिबीतली माणसं. जाड्या पिठाचा पाव, हरभरा-मसुरासारखी कडधान्यं, रानातून खुडून आणलेल्या पालेभाज्या, फळं आणि घरचं ऑलिव्हचं तेल. मांस कधीतरी. पुढे स्पेनमध्ये मोठा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला आणि काही त्रुटी दुरुस्त करून २०१८ मध्ये पुन्हा छापला गेला. त्यात घेतलेल्या बायका साठीपासून ऐंशीपर्यंतच्या होत्या.

"म्हंजे माझ्या वयाच्या," सासूबाई म्हणाल्या.

अगदी तेच मला सांगायचं होतं. हे मोठे पुरावे मोठ्या माणसांच्या हृदयाचे आहेत. लहान मुलांनाही ही जेवणाची पद्धत चांगलीच आहे, पण ती पद्धत आहे, किराणा मालाची यादी नव्हे. ज्या देशांतून ती आली त्या ग्रीस, इटली, स्पेनमध्ये आज मुलांमधला लठ्ठपणा युरोपात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. ऑलिव्हची झाडं तिथेच आहेत, ताटातलं जेवण बदललं.

मी सासूबाईंना विचारलं, "पावसाळ्यात बांधावर कोणती भाजी येते हो तुमच्याकडं?" त्यांनी बोटांवर मोजली. तांदुळजा, चुका, अंबाडी, पाथरी, घोळ. घोळ म्हटल्यावर मी मोबाईलवर तिचा फोटो शोधून दाखवला. जाडसर, गुळगुळीत, गोल टोकाची पानं आणि लालसर देठ. क्रीटमध्ये ही रानातून खुडतात आणि ऑलिव्हचं तेल घालून कच्चीच खातात. आपण मुगाची डाळ घालून शिजवतो, एवढाच फरक. सासूबाईंनी फोटो जवळ धरून बघितला. "ही तर आपली घोळच की! आम्ही खुरपून फेकून देतो." सून पहिल्यांदा हसली.

मग तिच्याच स्वयंपाकघरात एकेक जोडी लावली. जाड्या पिठाच्या पावाऐवजी ज्वारीची भाकरी. कडधान्यं तीच आणि आपल्याकडे तूर-मूग-हुलग्यांची भर. अक्रोडाऐवजी शेंगदाण्याचं कूट, तिळाची आणि जवसाची चटणी, तिखट न घालता. अक्रोडाचे तुकडे मात्र मी तिथेच बंद करायला सांगितले. शेंगदाणा असो की अक्रोड, अख्खा किंवा फोडलेला दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. कूटच द्यायचं. तेलाचं म्हणाल तर शेंगदाण्याच्या तेलातही ऑलिव्हमधली ती नावाजलेली चरबी निम्म्याच्या आसपास असते. तिने तूप बंद केलं होतं, ते चमचाभर परत सुरू करायला लावलं. क्रीटच्या शेतकऱ्यांच्याही जेवणातल्या साधारण चाळीस टक्के कॅलरी चरबीतूनच येत होत्या. आणि लेकराचं पोट एवढंसं, नुसती भाकरी-भाजी भरली तर ताकद न मिळताच ते भरून जातं.

सगळंच जुळतं असं मात्र मी सांगितलं नाही. त्या आहारात मासे आहेत. या घरात माळ असल्यामुळे मासे-अंडी नाहीत. जवसात ओमेगा-३ आहे, पण ते माशातल्यासारखं नाही, त्याची पुरी भरपाई होत नाही. पालेभाजीतलं लोहही अंगाला कमीच लागतं, म्हणून वरणावर लिंबू पिळायचं आणि जेवणानंतर पेरूची मऊ फोड, बी काढून. दूध-दही मात्र पूर्ण तोडायचं नाही, शाकाहारी घरात बी-१२ जीवनसत्त्व तिथूनच मिळतं. दिवसाला दोन लहान पेले, बाटलीतून नाही, आणि जेवणाच्या तासभर आधी नाही.

सगळ्यात अवघड काम जेवायला बसवण्याचं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी घालून दिलेला एक नियम मी पालकांना सांगते. काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते लेकराने. कोंबायचं नाही, मोबाईल नाही, वीस मिनिटांनी ताट उचलायचं. नवीन पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो तेव्हा कुठे तोंडात जातो. आईने विचारलं, "आणि नाहीच खाल्लं तर?" मी म्हणाले, तीन तासांनी पुढचं खाणं आहेच, मधे बाटली नाही. पण चहा-बिस्किट सोडायला आजींना नुसतं सांगून भागणार नव्हतं. त्यांना दुसरं काही हातात द्यायला हवं होतं. त्यांनीच सुचवलं, कण्या. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात ताक. नऊ वाजताचं खाणं त्यांच्याकडे दिलं.

पहिला आठवडा फार वाईट गेला. पोरगी रात्री बाटलीसाठी तास-तास रडली, आणि एका रात्री आईने दिलीही. तिने मला फोनवर कबुली दिल्यासारखं सांगितलं. मी म्हटलं, उद्यापासून पुन्हा. दसऱ्याला नवरा आला आणि येताना चॉकलेटं घेऊन आला, तेव्हा आणखी चार दिवस गेले. पहिल्या महिन्यात वजन हललं नाही. त्या भेटीत आई पुन्हा रडवेली होती. मी पुन्हा तेच कार्ड काढलं.

येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा वेळ अमावास्येचा सण झाल्यावर, जानेवारीत, त्या तिघी आल्या. हिमोग्लोबिन ११.३. त्यात मोठा वाटा औषधाचा, हे मी स्पष्ट सांगितलं. वजन १०.९. सासूबाई येळवसेचंच सांगत होत्या. शेतात कडब्याच्या कोपीपुढे, म्हणजे छोट्या खोपीपुढे, सगळे जेवायला बसले. पोरीने भज्जीच्या, म्हणजे पालेभाजी आणि ओल्या दाण्यांच्या भाजीच्या, वाटीत बोटं घातली, ओले वाटाणे आणि तुरीचे दाणे एकेक वेचून खाल्ले, पाला आईच्या ताटात टाकला आणि आंबील दोनदा मागून घेतलं.

मी आईकडे वही मागितली. पहिली पानं गच्च भरलेली, तासागणिक, मिलिलिटरसकट. दिवाळीपाशी नोंदी विरळ झालेल्या. त्यानंतर दोन ओळी, मग एक तारीख नुसतीच, आणि पुढची पानं कोरी.

"लिहायचं राहूनच गेलं, मॅडम," ती म्हणाली.