प्रार्थना-मननाचा नेम दोन आठवड्यांत मोडतो. ख्रिस्ताच्या सहवासात वाढण्यासाठी रोज नेमकं काय करावं?

नोकरी आणि घर सांभाळून प्रभूच्या जवळ जायचंय, पण दर वेळी जोमाने धरलेला नेम पंधरा दिवसांत सुटतो, असं तुम्ही लिहिलंय. यात तुमची श्रद्धा उणी आहे असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा नेमच झेपेल त्याहून मोठा धरलेला असतो. तो दोन दिवस चुकला की देवासमोर जायची लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी तिसरा दिवसही जातो.

प्रयत्न करून देवाची प्रीती कमवायची नसते. ती कृपेने आधीच मिळालेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात प्रभू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना तिचे फाटे म्हणतो. तिथे तो फाट्याला फळासाठी धडपडायला सांगत नाही, माझ्यामध्ये राहा म्हणतो. पण राहण्यालाही कष्ट पडतात. म्हणून तर प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सुभक्तीसाठी कसरत करायला सांगतो (1 तीमथ्य 4:7).

पहिले तीन महिने सकाळी 20 मिनिटं आणि रात्री 10, एवढंच धरा. जागा ठरलेली असू द्या, पण पलंग नको, तिथे डोळा लागतो. पवित्र शास्त्र छापील घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोनवर वचन उघडायला गेलात की आधी ऑफिसचा मेसेज दिसतो आणि मन तिकडेच राहतं. लोकलमध्ये स्तोत्रं ऐकणं चांगलंच, पण ते या 20 मिनिटांच्या जागी धरू नका.

वाचायला उत्पत्तीपासून बसू नका. रोज तीन अध्यायांच्या वेगाने उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 महिन्याभरात संपतात, मग लेवीय येतं. यज्ञांचे नियम समजावायला शेजारी कोणी नसतं, आणि बहुतेकांचं वाचन तिथेच अडतं. त्यापेक्षा नवा करार घ्या. त्याचे अध्याय 260 आहेत, म्हणजे आठवड्याला पाच वाचले तरी वर्षात पुरा होतो. शनिवार-रविवार मोकळे राहतात, राहिलेलं तेव्हा भरून काढता येतं. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा, 16च अध्याय आहेत.

अध्याय वाचायला पाच-सात मिनिटं लागतात. उरलेला वेळ त्यातल्या सहा-सात वचनांवरच घालवा. समजा, मार्क 10:46-52 समोर आहे. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतोय, लोक त्याला गप्प बसवतायत. येशू थांबतो, बोलावतो. बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. भिकाऱ्यापाशी असून असून काय असणार, तेही तो टाकतो. मग येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आता थोडं मागे, 36व्या वचनाकडे जा. जब्दीच्या मुलांनाही, म्हणजे याकोब आणि योहान या शिष्यांनाही, प्रभूने हेच विचारलं होतं. त्यांनी उजवी-डावीकडची मानाची जागा मागितली, याने दृष्टी मागितली. इथे पुस्तक मिटा आणि त्याच प्रश्नाला तुमचं उत्तर मोठ्याने द्या. बढती हवी असेल तर बढती म्हणा, देवाला शोभेलसं काही रचू नका. प्रार्थना कृत्रिम होते ती इथेच. शेवटची दोन मिनिटं काही न मागता बसा, आणि वहीत एकच ओळ लिहा.

रात्रीची 10 मिनिटं दिवस तपासायला. आज मिळालेल्या तीन गोष्टींसाठी उपकारस्तुती करा, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोर आणा आणि एक चूक नाव घेऊन कबूल करा. ‘प्रभू, मी पापी आहे’ एवढ्यावर भागवू नका. ‘दुपारी सासूबाईंना तोडून बोललो’ असं म्हणा. मोघम कबुलीतून बदल घडत नाही, कारण उद्या काय सुधारायचं तेच ठरत नाही. सासूबाईंची माफी उद्या सकाळीच मागा. मत्तय 5:23-24 प्रमाणे अर्पणाआधी समेट.

उपवास आठवड्यातून एका जेवणाचा पुरे. बुधवार-शुक्रवारची रीत मंडळीत (चर्चमध्ये) अगदी सुरुवातीच्या काळापासून आहे. पाणी पीत राहा, जेवणाचा वेळ प्रार्थनेला द्या आणि वाचलेले पैसे कुणा गरजूला गुपचूप द्या. मधुमेह असेल, रोजच्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये.

हे सगळं एकट्याने चालवायला जाऊ नका. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) चुकवू नका. मंडळीतला एक विश्वासू माणूस निवडा. पंधरवड्यातून एकदा त्याने विचारावं, ‘वाचन चालू आहे का? कशाशी झगडतोयस?’ वाढ होते आहे की नाही हे प्रार्थनेत दाटून येणाऱ्या भावनेवरून ठरवू नका. गलतीकर 5:22-23 मधली पवित्र आत्म्याची नऊ फळं घ्या आणि त्यातली सहनशीलता घरात दिसते का, हे घरच्यांनाच विचारा.

दिवस चुकले तर दुप्पट वाचू नका, आजच्या अध्यायावर या; राहिलेलं शनिवार-रविवारसाठी ठेवा. आणि मन अगदी कोरडं पडलं, शब्दच सुचेनात, तर 13वं स्तोत्र उभं राहून मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद ‘कोठवर?’ हाच प्रश्न देवाला पुन्हा पुन्हा विचारतो. त्या दिवसाची प्रार्थना तेवढीच झाली तरी चालेल.