ज्युनिअर-सीनिअर केजीत नेमकं काय शिकवतात? पहिलीच्या आधी लिहिता-वाचता यायलाच हवं का?

तुमची लेक जूनपासून ज्युनिअर केजीत जाणार, शेजारची मुलगी सीनिअरमध्ये शंभरपर्यंत आकडे लिहिते, मग आपली मागे पडेल का आणि ट्यूशन लावावी का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका बालवाडीत शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत ही धास्ती दरवर्षी ऐकते, म्हणून आधी सरकारी मोजमापच सांगते. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात बालवाटिका, म्हणजे आपली सीनिअर केजी, संपताना मुलाला अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखता यावेत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचता यावेत आणि दहापर्यंतचे अंक ओळखता यावेत, अशी अपेक्षा आहे. 99 पर्यंतचे आकडे पहिलीचे. त्यामुळे शंभरपर्यंत लिहिणाऱ्या पोरीचं कौतुक जरूर करा, पण तिच्याशी शर्यत लावू नका.

गणितात खरी मजा आकडे लिहिण्याच्या कितीतरी आधी असते. साडेतीन-चार वर्षांचं पोर वीसपर्यंत धाडधाड म्हणून दाखवतं, घरचे खूश. त्याच्यासमोर मी सात चिंचोके मांडते. बोट लावून मोजायला लागतं, एका चिंचोक्यावर दोनदा बोट, दुसरा तसाच सुटलेला, आणि तोंडातली गाडी केव्हाच दहाच्या पुढं. पुढं कधीतरी बोट आणि आकडा जुळतो. मग विचारते, ‘किती आहेत रे?’ की स्वारी पुन्हा पहिल्यापासून, एक, दोन, तीन... शेवटचा आकडा म्हणजेच एकूण चिंचोके, हे अजून डोक्यात बसलेलं नसतं. तेही बसलं की मी तेच चिंचोके लांब लांब पसरते. ‘आता?’ ‘आता लै झाले, टीचर!’ एकही वाढवलेला नसतो, पण ओळ लांब दिसते ना! ही समजूत पुष्कळ मुलांची सहा-सात वर्षांपर्यंत टिकते आणि त्यात काळजीचं काही नाही. लहान-मोठं लावणं, सारखं-वेगळं निवडणं, लाल मणी-निळा मणी असा क्रम पुढं नेणं, हेही सगळं गणितच.

भाषेचा निम्म्याहून जास्त भाग ऐकण्या-बोलण्याचा. गोष्ट ऐकून ‘पुढं काय झालं असेल?’ याचं उत्तर देणं, चित्रात काय चाललंय ते सांगणं, बडबडगीतं. मग आवाज: कप, कणीस, कमळ म्हटलं की सुरुवातीला काय ऐकू आलं? हे कानाला कळलं की अक्षर डोळ्यांना पटकन कळतं. लिहिणं सगळ्यात शेवटी. मूठ करून पेन्सिल धरणाऱ्या मुलाच्या बोटांत अजून तेवढा जोर नसतो. हा जोर कणकेचा गोळा मळून, कागद फाडून चिकटवून, मणी ओवून येतो. त्यानंतर उभी रेघ, आडवी रेघ, अर्धगोल, आणि मग ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरं. काही ठिकाणी पहिल्याच महिन्यात पानभर ‘अ’ गिरवायला देतात, ते मला अजिबात पटत नाही. लिहायला इतकं किचकट अक्षर, आणि सुरुवात नेमकी तिथूनच!

परिसर हा विषय आम्हाला शोधायला लागत नाही, पावसाळ्यात पंचगंगा स्वतःच वर्गात येते. राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी 39 फुटांवर गेलं की पुराचा इशारा, 43 ला धोका, हे घरात दिवसभर चाललेलं असतं आणि पोरं तेच इथं येऊन सांगतात. मग आम्ही पारदर्शक बरणीवर बाहेरून रंगीत खुणा करतो आणि मुलं वाटीनं पाणी ओतत ‘इशारा आला, इशारा आला’ म्हणून ओरडतात. वाट्या मोजणं झालं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं झालं, घरात काय बोलणं झालं ते सांगणंही झालं. याला कुठला विषय म्हणणार? 2022 च्या पायाभूत स्तराच्या, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही म्हणूनच विषयांच्या चौकटींऐवजी शरीर, भावना, बुद्धी, भाषा, कला अशी विकासाची क्षेत्रं धरलीत.

इंग्रजी माध्यम असेल तर गाणी, वस्तूंची नावं, छोट्या सूचना एवढं पुरे. घरी मात्र मराठीतच भरपूर बोला. ‘टेबलवरचं ॲपल ईट कर’ असली खिचडी करू नका. चित्रं आणि नाच-उड्या रोज हव्यात, त्यावर वेगळं काय सांगायचं. डबा स्वतः उघडणं, शू लागली की सांगणं, चप्पल जागेवर ठेवणं हे मात्र जूनच्या आधी घरीच सुरू करा, पहिल्या महिन्यात निम्मं रडू त्यावरूनच असतं.

शाळा बघायला जाल तेव्हा भरलेल्या वह्या दाखवतील. त्याऐवजी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर काय ठेवलंय ते बघा: ठोकळे, मणी, चित्रांची पुस्तकं, की नुसते उंचावर टांगलेले चकाचक तक्ते? एका वर्गात किती मुलं आणि सांभाळायला किती जणी, तेही विचारा. ट्यूशन मात्र नको. तेवढ्या वेळात तिला भाजी निवडायला जवळ बसवा, शेंगा मोजू दे, आणि झोपताना एक गोष्ट. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तरी सांगा.