वर्ष कुठून मोजायचं? त्या रात्रीपासूनच

भाऊ, तुमचा मेल दोनदा वाचला, सोबत पाठवलेले पंचनाम्याचे फोटो मोबाईलवर मोठे करकरून वाचले, आणि बाकी काही सांगायच्या आधी एवढंच सांगते की रेल्वेकडे भरपाईचा दावा करायची शेवटची तारीख ११ जुलै आहे, ती मोठ्या अक्षरात लिहून घरात लावा. आज जूनचा मध्य आहे. हातात साडेतीन आठवडे उरलेत आणि तुम्ही मला विचारताय की जानेवारीपर्यंत वेळ आहे ना. नाही आहे.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतला सोळा वर्षांचा मुलगा, मेल लिहिणाऱ्या या भाऊंचा भाचा. अकरावीच्या अॅडमिशनवरून घरात बोलाचाली झाली, गेल्या वर्षी ११ जुलैला संध्याकाळी तो निघून गेला, रात्री वर्ध्याकडच्या गाडीत बसला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बुटीबोरीच्या पुढे दोन स्टेशनांच्या मध्ये रुळाच्या बाजूला एका ट्रॅकमनला सापडला. ओळख पटली नाही म्हणून काही दिवस वाट पाहून पोलिसांनी तिकडेच दफन केलं. घरच्यांना सप्टेंबरमध्ये कपड्यांच्या फोटोवरून कळलं, डीएनए जुळल्याचा रिपोर्ट जानेवारीत आला. मामांचे प्रश्न असे की भरपाई मिळते का, डीएनए रिपोर्टपासून एक वर्ष मोजायचं का, आणि वस्तीतले लोक म्हणतात आधी एसआयटीची, म्हणजे पोलिसांच्या विशेष तपास पथकाची, मागणी करा, तर ते आधी करू का. असे मेल मला वर्षभर येतात, नावं-गावं वेगळी असतात, चूक मात्र तीच, की पोलिसांची फाइल बंद होईपर्यंत सगळे थांबून राहतात.

तर कलम. रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनल, म्हणजे रेल्वेविरुद्धचे भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण, त्याचा १९८७ चा अॅक्ट, कलम १७. मृत्यूचा दावा अपघात घडल्यापासून एक वर्षाच्या आत दाखल झाला पाहिजे. शब्द आहेत अपघात घडल्यापासून. ओळख कधी पटली, डीएनए कधी आला, मर्गची, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या चौकशीची, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे की कपाटात, याच्याशी त्या एका वर्षाचा संबंध नाही. हो, त्याच कलमात उशीर माफ करायची सोय आहे, सबळ कारण दाखवलं तर, आणि मुलगा दोन महिने बेपत्ता म्हणूनच नोंद होता हे कारण माझ्या मते चांगलंच आहे. पण चांगलं कारण हातात आहे म्हणून मुदत चुकवायची का? त्या उशिराच्या अर्जावरच रेल्वेचे वकील सहा-आठ तारखा काढतात, दरम्यान ट्रिब्युनलचा मेंबर बदलतो, आणि मूळ दाव्याला हात लागायलाच वर्ष जातं. माझ्याकडे अशा फायली आहेत ज्यात आईवडील फक्त उशीर का झाला हे सांगायला वारंवार येऊन राहिले. तुमच्याकडे अजून दिवस आहेत, वापरा.

मर्ग बंद व्हायची वाट पाहायची गरज नाही, अंतिम अहवाल नसताना दावा दाखल होतो. जे कागद आहेत ते जोडायचे, जे नाहीत ते मागवून द्या असा अर्ज करायचा. मृत्यूच्या दाखल्यासाठीही अडू नका. तो नागपूर महापालिकेतून मिळणार नाही हे लक्षात घ्या, मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडेच नोंद असते, तुमच्या बाबतीत बहुतेक त्या गावच्या ग्रामपंचायतीत, आणि तीही अनोळखी पुरुष म्हणून झाली असेल तर डीएनए रिपोर्ट लावून दुरुस्ती करून घ्यावी लागेल. नोंदच झाली नसेल आणि ११ जुलै उलटली, तर वर्षावरची नोंद म्हणून दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होणार नाही, म्हणजे आणखी एक चक्कर. ते काम आजच कोणाकडे तरी सोपवा.

दावा कोण करणार तर आई आणि वडील. तुम्ही नाही भाऊ. तुम्ही धावपळ करताय, कागद तुमच्या पिशवीत आहेत, वस्तीत सगळे तुम्हालाच विचारतात, हे सगळं कळतं, पण अविवाहित मुलाच्या बाबतीत कायदा आश्रित म्हणून आईवडिलांनाच धरतो, आणि मामाच्या सहीने केलेला अर्ज पहिल्याच तारखेला अडकतो. रक्कम ठरलेली आहे, १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख रुपये, आधी ४ होती. व्याज किती आणि कधीपासून ते ट्रिब्युनल ठरवेल, त्याबद्दल आत्ता मी शब्द देत नाही. नागपूरला ट्रिब्युनलचं बेंच आहे, मुंबईला जायची गरज नाही.

आता खरी लढाई कुठे होईल ते सांगते. रेल्वे अॅक्ट, १९८९ चं कलम १२४अ म्हणतं की चालत्या गाडीतून प्रवासी अपघाताने पडला तर रेल्वेची चूक असो नसो, भरपाई द्यायची. दारात उभा होता, गर्दी होती, तोल गेला, हे मुलाच्या विरोधात जात नाही. दारात उभं राहणं हा फार तर निष्काळजीपणा, तो गुन्हा नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने जमीला प्रकरणात २०१० मध्येच म्हटलंय. पण त्याच कलमात अपवाद आहेत. आत्महत्या, स्वतःहून केलेली इजा, नशा, वेडाच्या भरात केलेलं कृत्य, स्वतःचा गुन्हा, नैसर्गिक कारण, यातलं काही असेल तर एक रुपया नाही. आणि तुम्ही पाठवलेल्या कागदांत वडिलांचा जो जबाब आहे त्याची शेवटची ओळ वाचली का कोणी? "मुलगा टेन्शनमध्ये होता, त्याने रागाच्या भरात जिवाचं बरंवाईट केलं असावं." खाली वडिलांची सही. सप्टेंबरमध्ये, मुलाच्या शर्टाचा फोटो पाहून दोन तास झाले असतील नसतील, त्या माणसाला काय वाचायला सुचणार, लिहिणाऱ्याने नेहमीचं वाक्य लिहिलं आणि यांनी सही केली. मला त्या बापाचा राग नाही येत. राग येतो तो त्या दिवशी सोबत गेलेल्या पाच-सहा जणांचा, ज्यांच्यापैकी एकानेही तो कागद हातात घेऊन वाचला नाही.

यावर उपाय जबाब नाकारणं नाही. मी असं बोललोच नाही म्हणून खोटं प्रतिज्ञापत्र करायला कोणी सांगेल, करू नका. खरं आहे ते पूर्ण सांगा. घरात वाद झाला, तो रागावून गेला, हे सगळं येऊ द्या, रागावून गाडीत बसणं म्हणजे जीव देणं नव्हे, आणि आत्महत्या होती हे सिद्ध करायचं ओझं रेल्वेवर आहे. तुमच्या मेलमध्ये मधेच एक ओळ आहे की गाडीत बसल्यावर त्याने मित्राला मेसेज केला, रविवारी मॅच आहे, माझे शूज तुझ्याकडेच ठेव, मी येतो. तुम्ही ती ओळ सहज लिहून गेलात. अहो, तुमच्या अख्ख्या केसमधला सगळ्यात मजबूत पुरावा तो आहे! रविवारच्या मॅचसाठी शूज सांभाळून ठेवायला सांगणारा पोरगा मरायला निघालेला नसतो. त्या मित्राचा फोन बदलू देऊ नका, फॉरमॅट मारू देऊ नका, चॅट जशीच्या तशी ठेवा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, ते वकील करून देईल.

दुसरी लढाई तिकिटाची. अंगझडती पंचनाम्यात लिहिलंय, उजव्या मनगटात लाल गोफ, एका पायात सँडल, खिशात कंगवा, चाळीस रुपये रोख आणि स्क्रीन फुटलेला मोबाईल. तिकीट नाही. रेल्वे म्हणणार विनातिकीट होता, नाहीतर म्हणणार गाडीत नव्हताच, रूळ ओलांडत होता. २०१८ च्या रीना देवी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने दोन्ही बाजू सांगितल्यात, तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, पण बॉडी रुळाजवळ मिळाली एवढ्यावरून तो प्रवासी ठरतो असंही नाही. आधी आईवडिलांनी शपथेवर सांगायचं की तो प्रवासी होता आणि हे आम्हाला असं असं माहीत आहे, मग रेल्वेने खोडायचं.

आता मित्र म्हणतो की त्याने रेल्वेच्या यूटीएस अॅपवर तिकीट काढलं होतं. म्हणजे तिकीट त्या फुटलेल्या मोबाईलमध्येच आहे! तो मोबाईल मुद्देमालात असेल, तो सोडवायला लगेच अर्ज द्या आणि मिळाला की सीताबर्डीवर रिपेअरिंगला टाकू नका, तसाच सीलबंद राहू द्या. आणि पैसे कुठून गेले? तुम्ही लिहिलंय की मुलाच्या फोनमधलं फोनपे आईच्या खात्याला जोडलेलं होतं. मग अकरा महिने झाले, आईच्या पासबुकात ११ जुलैची एन्ट्री बघितली का कोणी? ती छोटीशी रक्कम तिथे असेल तर अर्धं काम झालं. नसेल तरी घाबरू नका, त्याने वॉलेटमधून काढलं असेल किंवा खिडकीवरून काढलं असेल, रेल्वेकडून अॅपचा रेकॉर्ड मागवता येतो, मोबाईलचं लोकेशन ट्रिब्युनलमार्फत मागवता येतं, कंपन्यांना कॉल रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावे लागतात. स्टेशनवरचं सीसीटीव्ही मात्र विसरा, ते साधारण महिनाभरात पुसलं जातं, तेव्हाच कोणी अर्ज दिला असता तर गोष्ट वेगळी होती. कोणी जुनं तिकीट आणून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि मिळालेल्या रकमेत तीस-चाळीस टक्के ठरवून केस घेणारा भेटला तर त्यालाही, वकिलाने निकालावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आई महिला आहे, तिला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एसआयटीचं बोलू. वस्तीने कँडल मार्च काढला, चौकात पोराचा बॅनर लागला, निवेदनावर दोनशे सह्या झाल्या, त्यामागचं दुःख मला कळतं, पोरगा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला होता. पण त्या निवेदनात एका परिच्छेदात लिहिलंय की त्याला कोणीतरी पळवून नेऊन मारलं, आणि दुसऱ्यात की शिक्षणाच्या ताणाने बळी घेतला. ही दोन्ही वाक्यं रेल्वेचा वकील तुमच्याच सहीसकट समोर ठेवेल. पीएम, म्हणजे शवविच्छेदनाच्या, रिपोर्टवर मी बोलू शकत नाही, मी डॉक्टर नाही, पण तुमच्याकडे घातपाताचा ठोस धागा असेल तर तो लेखी द्या, नसेल तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली टोळीची गोष्ट निवेदनात घालू नका.

पोलिसांबाबत तक्रारीला जागा आहे, ती वेगळी ठेवा. अठराच्या आतलं मूल हरवलं की नुसती मिसिंग न घेता अपहरणाचा एफआयआर नोंदवायचा, हे सुप्रीम कोर्टाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या प्रकरणात सांगितलंय, चोवीस तास थांबा असा कुठलाही कायदा नाही. तुम्हाला थांबा सांगितलं गेलं, ते चूक. पण तुम्हीही तो काटोलच्या मावशीकडे गेला असेल म्हणून दोन रात्री थांबलात, आणि गेलात तेव्हा तक्रारीची प्रत घेतली नाही, आता कोण कधी आलं हे दाखवणार कसं? मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर तिथेही एका वर्षाचीच मर्यादा आहे, म्हणजे तेही येत्या महिन्याभरातच.

तुमच्या मेलच्या शेवटी लिहिलंय की बहीण म्हणते पोराच्या जिवाचे पैसे नको, लोक काय म्हणतील. हे मी खूप आयांकडून ऐकलंय आणि दर वेळी मला गप्प बसावं लागतं थोडा वेळ. ताईंना माझ्याकडून सांगा की हा दावा मुलाची किंमत लावत नाही. त्याच्या मृत्यूची आजपर्यंत कुठल्याही सरकारी कागदावर नावानिशी नोंद नाही, पंचनाम्यात तो अनोळखी इसम, वय अंदाजे अठरा ते वीस आहे. दावा मान्य झाला तर ट्रिब्युनलच्या निकालात त्याचं नाव, आईचं नाव, तो त्या गाडीत प्रवासी होता आणि अपघाताने पडला, हे लिहिलं जाईल. टेन्शनमध्ये जीव दिला असं जे वस्तीत अजूनही कुजबुजलं जातं त्याला उत्तर देणारा दुसरा कागद तुम्हाला मिळणार नाही. पैसे धाकट्या बहिणीच्या नावाने ठेवायचे की काय करायचं ते ताईंनी नंतर ठरवावं.

आणि त्यांना त्याला घरी आणायचं आहे, हेही तुम्ही लिहिलंय. डीएनए जुळलाय, त्यामुळे दफन केलेल्या जागेवरून अवशेष मिळण्यासाठी तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. परवानगी किती दिवसांत मिळेल सांगता येत नाही, पावसात खोदकाम लांबवतात हे बघितलंय, पण अर्ज आत्ताच द्या, सोबत रिपोर्टची प्रमाणित प्रत.

सोमवारी अकरा वाजता आई आणि वडील दोघांना घेऊन सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा. आधार, मुलाचा शाळेचा दाखला, डीएनए रिपोर्ट, पंचनामा, पीएम, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. स्टेशन मास्तरचा मेमो आणि डीआरएमचा (विभागीय रेल्वे व्यवस्थापकाचा) रिपोर्ट तुमच्याकडे नाही, तो नंतर मागवता येईल. आणि बँक दहालाच उघडते, जाता जाता आईच्या पासबुकात गेल्या जुलैपासूनच्या एन्ट्र्या मारून घ्या.