शेतजमीन निवासी झोनमध्ये घालताना गावाने काय पाहावं?

तुमच्या गावालगतची शेतजमीन निवासी झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायला मोकळ्या पट्ट्यात, घालायचा प्रस्ताव आलाय आणि हरकत कशावर घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सगळ्यात आधी पाणी बघा. नकाशावर तो नुसता रंगवलेला सपाट तुकडा असतो. भर पावसात तिथे जाऊन उभे राहा. पाणी कुठून येतं, बांधाशी किती वेळ तुंबतं, कुठल्या ओढ्याला मिळतं, सगळं टिपून घ्या, फोटो काढा. काँक्रीट झालं की जिरणारं पाणी वाहून जातं. मग खालच्या अंगाच्या घरांत पाणी शिरतं आणि विहिरी मात्र लवकर आटतात. सांडपाण्याची वाहिनी नसेल तर प्रत्येक घराचा शोषखड्डा त्याच भूजलाच्या डोक्यावर येणार.

दुसरं म्हणजे खर्च. रस्ता विकासक एकदाच बांधतो, दुरुस्ती कायमची गावाच्या माथी. विखुरलेल्या घरांना दर घरामागे रस्ता आणि पाइप जास्त लागतो, म्हणून वाढ वस्तीला लागूनच व्हावी असा आग्रह धरा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९७३ च्या कायद्यापासून शहरांना वाढीची हद्द आखायला लावली, ती मुख्यतः शेती वाचवण्यासाठीच.

नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहिलेलं कुणी मनावर घेत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण माणसं कळकळीने लिहितात. जमिनीचा क्रमांक, नेमका परिणाम आणि फोटो जोडून मुदतीत लेखी हरकत द्या. सुनावणीला जाच. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.